खाऱ्या पाण्याची पहिली टाकी

खाऱ्या पाण्याची टाकी घ्यायला निघालेलं घर बहुतेक वेळा एकाच माशाच्या प्रेमात पडलेलं असतं. ‘फाइंडिंग निमो’ २००३ साली आला आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरवणारा क्लाउनफिश घरोघरी ‘निमो’ झाला. दुकानात मूल आधी त्याच्याकडे बोट दाखवतं, मग शेजारच्या निळ्या ‘डोरी’कडे. दुकानदार फूटभराची देखणी काचपेटी पुढे करतो, मीठ-फिल्टर-दिवा सगळं जोडून देतो म्हणतो, आणि मासे आजच न्या म्हणतो. यातलं काहीही ऐकू नका. टाकी मोठी घ्या, मासे दीड-दोन महिन्यांनी आणा, डोरी तर आणूच नका, आणि पहिल्या टाकीत प्रवाळ ठेवायचा विचार मनातून काढून टाका. असं का, ते जरा सविस्तर सांगतो.

गप्पी, मॉली, गोल्डफिश पाण्यातले चढउतार पुष्कळ सोसतात. प्रवाळखडकांवरच्या माशांना तशी वेळच येत नाही. त्यांच्या समुद्रात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार असतात आणि ते प्रमाण वर्षभर फारसं हलत नाही. त्यात खाऱ्या पाण्याचं रसायन कडक. त्याचा पीएच ८.१ ते ८.४ असतो, आणि पीएच जितका चढा, तितका माशांनी टाकलेला अमोनिया जास्त विषारी रूपात राहतो. तापमान तेच असलं तरी गोड्या पाण्याच्या तुलनेत खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास एक-पंचमांशाने कमी मावतो. म्हणजे काही बिघडलं तर सावरायला वेळ थोडा. छोट्या टाकीत तो आणखी थोडा, कारण पाणी कमी असलं की ते तापतंही लवकर आणि नासतंही लवकर. ‘आधी लहान घेऊन शिकू, मग मोठी घेऊ’ हा एरवी शहाणपणाचा वाटणारा हिशेब इथे उलटा पडतो.

नवशिक्यासाठी मी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी टाकी सुचवेन. तिची क्षमता सुमारे १९० लिटर. दगड आणि वरची मोकळी जागा सोडली तर प्रत्यक्षात पाणी दीडशे-एकशे साठ लिटर. काच, दगड आणि स्टँड धरून वजन अडीचशे किलोच्या घरात जातं. त्यामुळे बाल्कनी नको. तुळईच्या वर, भिंतीला लागून, थेट ऊन येणार नाही अशी जागा शोधा.

आता आपल्याकडचा खरा शत्रू: उन्हाळा. परदेशी पुस्तकांत हीटर आधी येतो. आपल्याकडे पुण्या-नाशिकच्या थंडीत त्याची गरज पडेल, मुंबईत क्वचितच. टाकीचं पाणी २५-२६ अंशांवर असावं, आणि एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीतलं पाणी ३१-३२ अंशांवर सहज जातं. वर पंप आणि दिव्यांची उष्णता. पाणी तापलं की माशांना ऑक्सिजन जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच पाण्यात तो कमी उरतो. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. नगर, पुणे, नागपूरच्या कोरड्या हवेत हा उपाय उत्तम चालतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत पंखा नुसताच फिरत राहतो, कारण हवेत आधीच ओलावा असल्यामुळे पाणी फारसं उडत नाही. किनारपट्टीवर चिलरला पर्याय नाही, आणि चांगला चिलर टाकीपेक्षा महाग पडतो. तो खर्च आणि त्याचं वीजबिल पेलणार नसेल, तर गोड्या पाण्याचीच सुंदर टाकी करा. यात कमीपणा काहीच नाही; तापलेल्या पाण्यात धापा टाकणारा मासा बघण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. वीज जाण्याची तयारीही पहिल्याच दिवसापासून हवी. बॅटरीवर चालणारा एक एअर पंप घरात असू द्या.

पाणी कुठलं? गिरगाव किंवा जुहूच्या चौपाटीवरून कॅन भरून आणायचा मोह होतो, पण ते पाणी गढूळ, सांडपाणी मिसळलेलं, आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही उतरलेला असतो. नळाचं किंवा बोअरिंगचं पाणीही थेट नको. आरओचं पाणी घ्यावं आणि त्यात मत्स्यालयासाठी मिळणारं सागरी मीठ, लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम, विरघळवावं. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही असतं. घरातल्या प्युरिफायरमध्ये टीडीएस वाढवण्याची सोय असेल तर ती बंद करून घ्या.

खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर लागतो. त्याच्या काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, झाकण मिटायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. निळा आणि पांढरा रंग जिथे भेटतात तो आकडा ३५ हवा. हे मोजणं शिकल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण बहुतेक नवशिक्यांची टाकी इथेच बिघडते. पाणी उडतं, मीठ उडत नाही. दीडशे-एकशे साठ लिटरच्या टाकीतून दिवसाला एक-दोन लिटर पाणी सहज उडून जातं. आठवड्यात १० लिटर कमी झालं आणि कोणी भर घातली नाही, तर ३५चा आकडा ३७च्या पुढे जातो. भर घालणाऱ्याने खारं पाणी घातलं तर मीठ आणखी साचत जातं. रोजची भर नेहमी बिनमिठाच्या आरओ पाण्याची. खारं पाणी फक्त पाणी बदलताना.

टाकी भरली, पंप सुरू झाला, पाणी काचेसारखं दिसू लागलं, तरी ते अजून माशांचं झालेलं नसतं. माशांचा अमोनिया पचवणारे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यांना खाद्य म्हणून बाजारातली एक कच्ची कोळंबी टाकीत टाकली तरी काम होतं. ती सडते, अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. टेस्ट किटच्या नळीत हे डोळ्यांनी दिसतं. बहुतेक किटमध्ये अमोनियाची नळी आधी हिरवी होत जाते आणि काही आठवड्यांनी पुन्हा पिवळी पडते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन तिथेच टिकले की टाकी तयार. ‘टिकाऊ’ मासा सोडून टाकी तयार करायची जुनी रीत होती. एका जिवाला विषात पोहायला लावून हे काम करून घेणं मला क्रूर वाटतं, आणि त्याची गरजही नाही.

टाकीसाठी लागणारं बाकीचं सामान म्हणजे पाणी खेळतं ठेवणारा पॉवरहेड, घाण फेसाबरोबर काढणारा स्किमर आणि माशांपुरता साधा दिवा.

दगडांचा आणि प्रवाळाचा प्रश्न मात्र थांबून समजून घ्यावा. परदेशातले छंदिष्ट समुद्रातला ‘लाइव्ह रॉक’ आणि रंगीत प्रवाळ टाकीत ठेवतात, त्यांचे व्हिडिओ बघून आपल्यालाही तेच हवं असतं. भारतात दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १मध्ये आहेत. वाघाला मिळतं तेच संरक्षण प्रवाळाला आहे, आणि ते मेलेल्या तुकड्यालाही लागू होतं. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्यांनाही याच कायद्याचं संरक्षण आहे. दुकानात हे विकायला दिसतं म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. ‘इम्पोर्टेड आहे’ एवढं सांगणंही पुरेसं नाही. प्रवाळ आपल्यापासून फार लांबही नाही: मालवणच्या किनाऱ्यालगत आहे, विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्राखालच्या आंग्रिया बँकेवर आहे. ते तिथेच वाढू द्यावं. आपल्या टाकीत सिरॅमिकचे सच्छिद्र कृत्रिम दगड ठेवले तरी जिवाणू त्यावर तितक्याच आनंदाने वसतात.

आता मासा. सागरी शोभेच्या माशांपैकी बहुतांश आजही समुद्रातून पकडले जातात. आग्नेय आशियात काही ठिकाणी सायनाइड फवारून त्यांना गुंगवून पकडतात. तो मासा दुकानात ठणठणीत दिसतो आणि घरी काही आठवड्यांत मरतो. क्लाउनफिशच्या बाबतीत हे टाळता येतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचं प्रजनन भारतात यशस्वी केलं आहे. नवी मुंबईत ऐरोलीलाही राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरो आणि राज्याचं कांदळवन प्रतिष्ठान यांनी मिळून सागरी शोभिवंत माशांची हॅचरी उभारली आहे. हॅचरीत जन्मलेला क्लाउनफिश टाकीला आणि कोरड्या खाद्याला सरावलेला असतो. दोन लहान पिल्लं एकत्र आणा. क्लाउनफिश जन्मतः सगळे नर. जोडीतला दांडगा पुढे मादी होतो. त्यांना समुद्रफूल लागतंच असं नाही, आणि पहिल्या वर्षी ते आणूही नये. नीट सांभाळली तर ही जोडी दहा वर्षांहून जास्त जगते, याचा विचार आधीच करा.

डोरी का नको? ती फूटभर वाढते आणि तिला पोहायला मोकळी जागा लागते. तीन फुटांची टाकी तिच्यासाठी कोंडवाडा आहे. भुरळ पाडणारा मँडरिन मासा बारीक जिवंत जीवच शोधून खातो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. क्लाउनफिशच्या जोडीला काही महिन्यांनी एखादा फायरफिश, एखादा लहान गोबी, बस्स. कोणताही मासा घेताना दुकानदाराला तुमच्यासमोर त्याला खायला घालायला सांगा. खात नसेल तर घेऊ नका. घरी आणल्यावर महिनाभर वेगळ्या लहान टाकीत ठेवा. अंगावर मिठाच्या दाण्यांसारखे ठिपके उठले तर ते मोठ्या टाकीत पसरण्याआधी कळेल.

गणपतीला आठवडाभर गावी जाणाऱ्यांनी शेजाऱ्यांकडे खाद्याचा डबा देऊ नये. रोजच्या चिमटीच्या पुड्या बांधून द्याव्यात आणि काचेवर पाण्याच्या पातळीची खूण करून ठेवावी: पाणी खुणेखाली गेलं की साधं आरओ पाणी घाला, एवढंच सांगावं. निरोगी मासा दोन-तीन दिवस उपाशी राहू शकतो. जास्तीचं खाद्य मात्र सडून अख्खी टाकी नासवतं.

दुकानात पहिल्यांदा जाल तेव्हा रिफ्रॅक्टोमीटर, टेस्ट किट, सागरी मीठ आणि टाकी एवढंच घेऊन या. मुलांना सांगा की निमो दोन महिन्यांनी येणार आहे, आणि तोवर नळीतला रंग रोज त्यांनाच बघू द्या.