मुंबई हरली का?

जयपूरहून सीकरच्या रस्त्याने तीसेक किलोमीटर गेलं की चौमूं लागतं. १९६२-६३च्या मोसमात रणजी करंडकाचा अंतिम सामना जयपूरला झाला, राजस्थान विरुद्ध मुंबई. एरवी क्रिकेटच्या वाटेला न जाणाऱ्या चौमूंच्या माणसालाही अशा सामन्याबद्दल एक प्रश्न सहज विचारता येतो: या खेपेला तरी मुंबई हरली का?

सतत जिंकणाऱ्या संघाची ओढ या प्रश्नात आहे. रोजचा क्रिकेटवेडा खेळपट्टी पाहतो, गोलंदाजाचा टप्पा पाहतो, त्याला कोणताही सामना रंगतदार वाटू शकतो. अधूनमधून डोकावणाऱ्याला मात्र आधी कथा लागते. कोण बलाढ्य, कोण झुंज देतंय, एवढं कळलं की तो बसून पाहतो. दरवर्षी नवा विजेता असेल तर त्याला दरवर्षी नव्याने ओळख करून घ्यावी लागते. मुंबईबाबत ती गरजच नव्हती. १९५८-५९ ते १९७२-७३, सलग पंधरा वेळा करंडक मुंबईकडेच राहिला.

वृत्तपत्रांचं गणितही याला जुळतं. सलग विजयांचा आकडा हाच मथळा होतो आणि दरवर्षी एकाने वाढतो. त्यात नावं ओळखीची. १९७१मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकणारा कर्णधार अजित वाडेकर मुंबईचा, त्या दौऱ्यांतला सुनील गावसकरही मुंबईचाच. कसोटीपुरतं क्रिकेट पाहणाऱ्याला रणजीच्या धावफलकातही ओळखीचं कुणीतरी भेटायचं. पंधराव्या विजेतेपदाचा चेपॉकवरचा सामना तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर संपला. पद्माकर शिवलकरांनी तमिळनाडूचे १३ बळी घेतले, तेही १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ असे. भारताकडून एकही कसोटी न खेळलेल्या या डावखुऱ्या फिरकीपटूचं नाव आजही अनेक क्रिकेटप्रेमींना ठाऊक आहे. त्यात मुंबईच्या त्या दबदब्याचा वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

अमेरिकेत बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क यांकीज हेच काम करतात. १९४९ ते १९५३ सलग पाच विजेतेपदं, एकूण २७. तिथले कित्येक लोक सामना पाहतात ते यांकीज हरावेत म्हणून. प्रेक्षकांच्या मोजणीत तेही धरले जातात. बलाढ्य संघाचा विजय ही बातमी असतेच, पण पराभव त्याहून मोठी. १९७३-७४च्या उपांत्य सामन्यात बंगळूरला फिरकीपटू प्रसन्नाने गावसकरांचा त्रिफळा उडवला आणि कर्नाटकने मुंबईची मालिका तोडली. मुंबईच्या त्या पंधरापैकी कितीतरी विजयांपेक्षा हा एक पराभव लोकांच्या जास्त लक्षात आहे.

या साऱ्याची किंमत समोरच्याने मोजली, हे विसरता कामा नये. विनू मांकड, सलीम दुराणी, हनुमंत सिंह यांच्यासारखे खेळाडू राजस्थानकडून खेळले. तरी मुंबईच्या त्या पंधरा वर्षांत राजस्थान सात अंतिम सामने मुंबईकडूनच हरलं. मुंबई बाहेर पडली त्या १९७३-७४च्या मोसमातही राजस्थान अंतिम सामन्यात होतं, आणि सामना जयपूरलाच होता. तोही कर्नाटकने जिंकला.

राजस्थानने पहिला रणजी करंडक २०१०-११च्या मोसमात जिंकला, बडोद्याला. कर्णधार होता पुण्याचा हृषीकेश कानिटकर.