भोपळा कोरू या, पण प्रश्नही विचारू या

परीक्षेत मिळाला की रडू आणणारा भोपळा मुलांना काही शिकवू शकतो का? ऑक्टोबर संपत आला की मॉलमध्ये हॅलोविनचे प्लॅस्टिकचे भोपळे लागतात आणि मुलं हट्ट धरतात. आम्ही एपीएमसी मार्केटमधून खरा लाल भोपळा आणला आणि सानपाड्यातली दहा-बारा मुलं जमवली.

भोपळा मध्ये ठेवताच एक आजी म्हणाल्या, "अख्खा भोपळा बाईनं फोडू नये. आधी पुरुषाचा हात लागू दे." एका मुलीनं विचारलं, "का?" आजींना सांगता येईना. सासूनं सांगितलं म्हणून त्या आयुष्यभर शेजारच्या पोराला हाक मारत आल्या होत्या. पशूबळीऐवजी कोहळा कापण्याची रीत आहे. ही समजूत तिच्याशी जोडली जाते. 'एहि पस्सिको', ये आणि स्वतः पाहा, असं धम्म सांगतो. त्या मुलीच्या आईनं सुरी घातली. आत निघाल्या फक्त बिया.

आता कामाचं. भोपळा ओल्या फडक्यावर ठेवा, म्हणजे घसरत नाही. कापायचं काम मोठ्यांचं. चमच्यानं गर खरवडणं, बिया मोजणं, सालीवर चेहरा काढणं हे मुलांचं. यातून बोटांत ताकद येते आणि हाती घेतलेलं काम धीरानं पुरं करण्याची सवय लागते. आत मेणबत्ती नको, छोटी बॅटरी ठेवा.

बोट कापलंच तर हळद किंवा चहापूड भरू नका. नळाखाली धुवा, स्वच्छ कापडानं 10 मिनिटं घट्ट दाबा, हात वर धरा. रक्त थांबलं नाही किंवा जखम खोल असली, तर लगेच डॉक्टरकडे जा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा.

गर फेकू नका. त्याचा केशरी रंग बीटा-कॅरोटीनचा. शरीर त्यापासून डोळ्यांना लागणारं अ जीवनसत्त्व बनवतं. ते अंगी लागायला थोडं तेल हवं, म्हणून फोडणीची भाजी उत्तम. बिया धुऊन, वाळवून भाजा. त्यांत प्रथिनं, लोह आणि जस्त असतं. लहानग्यांच्या घशात अख्खी बी अडकू शकते, त्यांना कुटून द्या.

पुढच्या आठवड्यात आजी डबा घेऊन आल्या. आत भोपळ्याचे घारगे होते. "मीच चिरला," म्हणाल्या.