घाटेअळीच्या पोटातली कात्री

हरभऱ्याच्या घाट्याला भोक पाडून, तोंड आत आणि अर्धे अंग बाहेर ठेवून बसलेली घाटेअळी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तिला मारायचे कसे, हे आपण नेहमी विचारतो. आज वेगळा प्रश्न घेऊ या : खाल्लेले ती पचवते कसे?

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती अख्खी असेपर्यंत अळीच्या उपयोगाची नाही, तोडावी लागते. हे काम आतड्यातली ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन ही विकरे, म्हणजे एन्झाइम, करतात. आता गंमत बघा. वनस्पतीही बियांमध्ये अशी काही प्रथिने साठवते, की जी विकराच्या नेमक्या कापणाऱ्या जागी घट्ट जाऊन बसतात. कात्री आहे, पण पात्यांत खडा अडकला! यांना प्रोटीज-अवरोधक म्हणतात. खाऊनही अंगी लागत नाही, म्हणून अळी खुरटते. सोयाबीन आपण कच्चे खात नाही, त्याचे एक कारण हेच. शिजवल्यावर त्यातले अवरोधक बहुतांशी निकामी होतात. अळीजवळ मात्र चूल नाही.

१९७२ साली ग्रीन आणि रायन या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवले, की किडीने बटाट्याचे किंवा टोमॅटोचे एक पान कुरतडले, तरी त्याच झाडाच्या शाबूत पानांतही अवरोधक साठू लागतात.

मग हरभऱ्यात अवरोधक असूनही अळी तो फस्त कशी करते? पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले, की तिची विकरे हरभऱ्याचे अवरोधकच तोडून निकामी करू शकतात. जुनी ओळख ना! म्हणून, ज्यांवर ही अळी सहसा जगत नाही अशा वनस्पतींकडे ते वळले. कारल्याच्या बिया, चौधारी घेवडा यांतल्या अवरोधकांनी प्रयोगात अळीची वाढ खुंटली. पण इथेही एकावर विसंबून चालत नाही. खाणे बदलले, की अळी आपल्या विकरांची जुळणीही बदलते. म्हणून वेगवेगळे अवरोधक आलटून पालटून वापरावेत, असे त्यांच्या कामातून पुढे आले.

आपली चूक होते ती इथे. कीड म्हणजे एक ठरलेली, न बदलणारी वस्तू असे आपण धरून चालतो आणि तिच्यावर शेवटचे औषध मागतो. तेव्हा उद्या कोणी ‘एकदा वापरा, कायमची सुटका’ म्हणाले, तर आपण एवढेच विचारावे : अळी बदलली, तर पुढे काय?