गोळी राहिली का?

"गोळ्या नियमित घेताय ना?" दवाखान्यात मी हा प्रश्न रोज विचारतो, आणि उत्तर बहुधा ठरलेलं असतं, "हो डॉक्टर, घेतो की!" रक्तदाबाचा आकडा मात्र वेगळंच सांगत असतो. अशा वेळी औषध कमी पडतंय की पोटातच जात नाही, हे कळायला हवं. ते न कळता मी मात्रा वाढवली आणि रोग्यानं एकदम नेमानं सगळ्या गोळ्या सुरू केल्या, तर चक्कर येऊन पडायची पाळी!

ही अडचण एकट्या आपल्याकडची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार श्रीमंत देशांतही दीर्घ आजाराचे सरासरी निम्मेच रोगी सांगितल्याप्रमाणे औषध घेतात.

मग मोजायचं कसं? मद्रासला १९५६ मध्ये क्षयरोग्यांवर घरीच उपचार करण्याचा प्रयोग सुरू झाला. तेव्हा न कळवता घरी जाऊन उरलेल्या गोळ्या मोजत, लघवी तपासत. पुढे झाकणात चिप बसवलेल्या बाटल्या आल्या. झाकण कधी उघडलं, त्याची नोंद होते. पण गोळी फेकूनही देता येते. आणि तपासणीपुरतं चार दिवस नेमानं औषध घेणारेही असतातच.

१९८६ मध्ये मॉरिस्की आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी चार साधे प्रश्न मांडले. कधी विसरता का? हयगय होते का? बरं वाटलं की बंद करता का? त्रास झाला की थांबवता का? यातली खुबी पाहा. डॉक्टरांना 'हो' म्हणायची माणसाला सवय; इथं त्या 'हो'तूनच खरं बाहेर पडतं.

मीही हल्ली विचारतो, "या आठवड्यात किती राहिल्या?" मग कळतं, कुणाचे महिनाअखेरीस पैसे संपतात, कुणाची डबी माहेरी जाताना घरीच राहते, कुणी उपासाला गोळी टाळतं, कुणी साखर उतरली म्हणून ती सोडून दिलेली असते. प्रत्येकाचा इलाज वेगळा. कुठं स्वस्त गोळी, कुठं वेळ बदलायची, कुठं नुसतं समजावून सांगायचं. चोर पकडायला निघालं, तर यातलं काहीच हाती लागत नाही.

घरच्या मंडळींनीही आजी-आजोबांना "घेतली ना?" असं दटावू नये. "आज राहिली का?" असं विचारावं. खरं उत्तर मिळण्याची शक्यता त्यातच अधिक.