होतकरूंच्या मोबदल्यात एक पिचर

अमेरिकेत जुलै महिना उजाडला, की बेसबॉलच्या शौकिनांमध्ये एक वाद हटकून पेटतो, आणि महिनाअखेरीच्या सुमारास संघासंघांतील खेळाडूंच्या देवघेवीची मुदत संपेपर्यंत तो कचेऱ्यांतून, केशकर्तनालयांतून आणि घरोघरीच्या जेवणाच्या टेबलांवरून अव्याहत चालू राहतो. आपला संघ यंदा विजेतेपदाच्या टप्प्यात आला आहे, उणीव आहे ती केवळ एका जबरदस्त पिचरची. तसा पिचर हरत चाललेल्या दुसऱ्या एका संघापाशी आहे आणि तो संघ त्याला सोडण्यास राजीही आहे. परंतु मोबदला म्हणून तो रोकड मागत नाही, तर आपल्या कनिष्ठ संघांतून उमेदवारी करीत असलेली विशीतली तीन-चार होतकरू पोरे मागतो. ती द्यावीत की न द्यावीत, एवढाच काय तो प्रश्न. पण त्यापायी भावाभावांत अबोला धरला गेलेला पाहून परक्या माणसाने आश्चर्य करू नये.

पिचर म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू. सामन्याची सुरुवात करणारा पिचर जमेल तितका वेळ एकट्याने किल्ला लढवतो आणि मग बहुधा चार दिवस विश्रांती घेतो, त्यामुळे १६२ सामन्यांच्या प्रदीर्घ मोसमात त्याच्या वाट्याला बत्तीस-तेहतीस सामने येतात. होतकरू खेळाडूची गोष्ट निराळी. तो मुख्य लीगमध्ये दाखल झाल्यापासून सेवेची सहा वर्षे भरेपर्यंत त्याच्यावर क्लबाचा हक्क राहतो. त्यांपैकी पहिली सुमारे तीन वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास राबतो, पुढली तीन वर्षे वेतनाचा तंटा प्रसंगी लवादापुढे जातो, आणि मगच तो आपल्या मर्जीने कोठेही जाण्यास मोकळा होतो. हे मोकळेपणही पूर्वी नव्हते. १९७५ च्या डिसेंबरात पीटर सायट्झ या लवादाने दोन पिचरांच्या बाजूने निवाडा दिला, तेव्हा ते प्रथम खेळाडूंच्या पदरी पडले. म्हणून गुणी पोर सापडणे म्हणजे क्लबाला सहा वर्षांचे इनाम मिळाल्यासारखे असते, आणि मागितले जाते ते हेच इनाम.

पोरे राखून ठेवावीत असे म्हणणारा पक्ष पिचराच्या कोपराकडे बोट दाखवतो. १९७४ साली डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचराच्या कोपरातील तुटलेल्या बंधाच्या जागी त्याच्याच दुसऱ्या हातातला स्नायुबंध बसवला. ती शस्त्रक्रिया आज त्या रुग्णाच्याच नावाने ओळखली जाते आणि ती करून घेतलेले पिचर जवळजवळ प्रत्येक संघात आढळतात. असा भंगुर जिन्नस अर्ध्या मोसमापुरता घेऊन सहा-सहा वर्षांचे हक्क लिहून देणारा कारभारी शहाणा कसा, असा या पक्षाचा सवाल. प्रतिपक्षाचे उत्तर असे, की भंगुर म्हणावे तर पोरांचे भवितव्य त्याहून भंगुर. दरसाल ज्यांची नावे गुणवंतांच्या यादीत झळकतात, त्यांतले कित्येक दोन-तीन वर्षांत कोणाच्या स्मरणातही उरत नाहीत. शिवाय मोसमात पिचराचा वाटा पाचवा हिस्सा असला, तरी मोसमानंतर ऑक्टोबरात अजिंक्यपदासाठी होणाऱ्या सात सामन्यांच्या मालिकेत तोच गडी दोनदा, प्रसंगी तीनदा मैदानात उतरू शकतो, आणि चार विजयांवर जेथे सर्व काही ठरते तेथे एकाने दोन मिळवून देणे म्हणजे अर्धे काम फत्ते. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. मला खटकते ते पुढेच: हा वाद लोक ज्या न्यायासनापुढे नेतात ते. दहा वर्षांनी त्या पोराचे काय झाले एवढेच पाहून निकाल दिला जातो, आणि सौदा ज्या दिवशी झाला त्या दिवशी कोणाला काय ठाऊक होते, सौदा कशासाठी होता, हे दप्तर कोणी उघडतच नाही.

या अन्यायाचे ठळक उदाहरण म्हणजे डेट्रॉइटचा १९८७ सालचा व्यवहार. त्या काळी जुलैची मुदत टळून गेल्यावरही ऑगस्टात काही अटींवर देवघेव करता येत असे (ही पळवाट २०१९ मध्ये बंद झाली), आणि १२ ऑगस्ट रोजी डेट्रॉइट टायगर्सने तिचा लाभ घेऊन अटलांटाकडून डॉयल अलेक्झांडर हा छत्तीस वर्षांचा पिचर आणला. बदल्यात गेला जॉन स्मोल्ट्झ नावाचा वीस वर्षांचा पोरगा, मिशिगनचाच रहिवासी, लॅन्सिंगमध्ये वाढलेला, ज्याचे आजोबा डेट्रॉइटच्याच मैदानावर नोकरी करीत. हा मुलगा पुढे २१३ सामने जिंकणार होता, १९९६ मध्ये सर्वोत्तम पिचराचा साय यंग पुरस्कार पटकावणार होता आणि २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसणार होता. डेट्रॉइटची माणसे या सौद्याची आठवण निघाली की आजही कपाळावर हात मारतात.

पण त्या ऑगस्टातला स्मोल्ट्झ कसा होता? कनिष्ठ लीगमध्ये त्या वर्षी त्याने चार सामने जिंकले होते आणि दहा गमावले होते, आणि नऊ डावांच्या एका सामन्यामागे त्याच्या माथी साडेपाचांहून अधिक धावा पडत होत्या. उलट अलेक्झांडरने डेट्रॉइटसाठी नऊ सामने जिंकले, एकही हरला नाही, आणि त्याची हीच सरासरी होती १.५३. टोरोंटो पुढे होते. ते मोसमातले शेवटचे सातही सामने हरले, त्यांतले अखेरचे तीन डेट्रॉइटच्याच मैदानावर, तिन्ही एकेका धावेने, आणि त्या तिहींतला पहिला अलेक्झांडरने जिंकून दिला. विभागाचे अजिंक्यपद डेट्रॉइटला मिळाले. त्यानंतर मिनेसोटाने त्यांना पाच सामन्यांत गुंडाळले, अलेक्झांडर त्यांतले दोन हरला, हेही खरेच; परंतु त्याला ज्या कामासाठी आणले होते ते त्याने चोख बजावले होते, आणि ज्या संघाला पुढे २००६ पर्यंत ऑक्टोबर म्हणून दिसला नाही, त्या संघाच्या प्रेक्षकांनी त्या आठवड्याची किंमत कमी लेखावी, हे मला कृतघ्नपणाचे वाटते.

उद्याच मुळी नसेल तर उद्याच्या खेळाडूंचे मोल काय, हा प्रश्न मॉन्ट्रियलने सोडवला. २००२ साली त्या संघाला स्वतःचा मालक उरला नव्हता. लीगमधील उरलेले एकोणतीस क्लब मिळूनच त्याचे मालक होते, आणि संघ मोडीत काढण्याचा घाट उघडपणे घातला जात होता. कारभारी ओमार मिनाया यांनी जूनअखेरीस क्लीव्हलँडकडून बार्तोलो कोलोन आणला आणि क्लिफ ली, ग्रेडी साइझमोर व ब्रँडन फिलिप्स देऊन टाकले. तिघेही पुढे नामांकित झाले. लीला तर २००८ मध्ये साय यंग मिळाले. कोलोनने दहा सामने जिंकले खरे, पण संघ अटलांटाच्या एकोणीस सामने मागे राहिला. आणि ज्या उद्याची खात्री नव्हती तो उद्या उजाडला, मात्र मॉन्ट्रियलमध्ये नव्हे: २००५ मध्ये तो संघ वॉशिंग्टनला गेला. बुडत्या गलबतावरच्या माणसाने कोठारातले धान्य मोजत बसू नये, या न्यायाने मिनाया यांना मी दोषी धरू शकत नाही.

कोणी माझे मत विचारलेच, तर मी मिलवॉकीच्या प्रेक्षकांच्या रांगेत जाऊन बसेन. तो संघ १९८२ नंतर ऑक्टोबरात खेळला नव्हता. सव्वीस वर्षे म्हणजे एका पिढीला बाप होण्याइतका काळ. २००८ च्या जुलैत त्यांनी क्लीव्हलँडला मॅट लापोर्टा हा आदल्या वर्षीच्या निवडीत सातव्या क्रमांकाने घेतलेला फलंदाज, दोन पिचर आणि ज्याचे नाव मागाहून ठरायचे होते असा एक चौथा गडी देऊन सी. सी. सबाथिया आणला, आणि तोही त्याचा करार मोसमाबरोबर संपणार हे पक्के ठाऊक असताना. सबाथिया अकरा जिंकला, दोन हरला. हा अजस्र मनुष्य सप्टेंबरअखेरीस चार दिवसांच्या विश्रांतीचा हक्क सोडून तीनच दिवसांनी पुन:पुन्हा उभा राहिला, वास्तविक त्याच्या पुढल्या कराराचे कोट्यवधी डॉलर त्याच दंडावर अवलंबून होते. २८ सप्टेंबरला शिकागोविरुद्धचा अखेरचा सामना त्याने आरंभापासून शेवटपर्यंत एकट्याने फेकून ३–१ असा जिंकला, त्याच दिवशी त्याच जागेसाठी झुंजणारे न्यूयॉर्कचे मेट्स हरले, आणि मिलवॉकीला दार उघडले. फिलाडेल्फियाने त्यांना पहिल्याच फेरीत घरी धाडले. सबाथिया १६ कोटी १० लाख डॉलरांवर न्यूयॉर्कच्या यांकीजकडे निघून गेला.

जमाखर्च मांडणाऱ्यांची मात्र येथे फजिती झाली. ज्याच्यासाठी मिलवॉकीत हळहळ चालली होती तो लापोर्टा चार मोसम कसाबसा टिकला. आणि करारात ज्याचे नावही लिहिलेले नव्हते तो चौथा गडी निघाला मायकेल ब्रँटली, जो पुढे पाच वेळा ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला. शौकिनांनी जीव तोडून केलेल्या भांडणात त्याची बाजू घेणारा क्वचितच कोणी असेल.

पोरे घेणाऱ्याचीही कधी अशीच निराशा होते. ऑगस्टाची ती पळवाट अजून खुली असताना, २०१७ च्या ऑगस्टात, शेवटच्या रात्री, मुदत सरायला काही क्षण उरले असताना, डेट्रॉइटने आपला बुजुर्ग पिचर जस्टिन व्हर्लँडर ह्यूस्टनला दिला आणि तीन होतकरू पदरात घेतले. ह्यूस्टनने त्याच शरदात आपले पहिले विश्वविजेतेपद मिळवले. त्या तिघांतला पिचर दुखापतींनी जायबंदी होऊन मुख्य लीगपर्यंत पोहोचलाच नाही. आणि जेक रॉजर्स नावाचा यष्टिरक्षकासारखे काम करणारा एक कॅचर तेवढा डेट्रॉइटला लाभला.