पाळलेला पोपट चावला तर



लागण, खोडवा, पाणी आणि उतारा यांवर आपण या पानांतून नेहमीच बोलतो. आज एका पाखराविषयी लिहीत आहोत, आणि त्याला कारण आहे. आपल्या पुष्कळ सभासदांची मुले चाकण, भोसरी, तळवडे भागातल्या कारखान्यांत कामाला आहेत आणि मोशी-चिखलीकडे फ्लॅटमध्ये राहतात. तिथे गोठा नाही, अंगण नाही. मग नातवंडांच्या हौसेखातर गॅलरीत पिंजरा येतो. सहा महिने पाखरू खांद्यावर बसते, शीळ घालते, आणि एके दिवशी पोराच्या बोटाला कडकडून चावते. रक्त येते, आरडाओरडा होतो आणि "द्या सोडून त्याला" असा निकाल लागतो. हा निकाल घाईचा आहे, एवढेच आम्हांला सांगायचे आहे.

आधी कायद्याचे बोलू. आपल्या शेतातल्या मक्यावर आणि पेरूवर तुटून पडणारा हिरवा राघू पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. ढोलीतली पिल्ले काढून आणणेही तसेच. असा पोपट घरात असेल तर वनखात्याशी बोलून त्यांच्या स्वाधीन करावा, परस्पर उडवून देऊ नये. लोक घरात पाळतात ती पाखरे बहुधा परदेशी असतात. डोक्यावर तुरा असलेला कॉकाटील (दुकानदार त्याला 'कॉकटेल' म्हणतात) आणि छोटा बजरीगर हे दोन्ही मूळचे ऑस्ट्रेलियाचे. आफ्रिकन ग्रे, मकाव अशा काही जातींची सरकारदरबारी नोंदणीही करावी लागते. पिंजऱ्यात जन्मलेले असे पाखरू सोडून दिले तर त्याला दाणा शोधता येत नाही, आणि घार, कावळा, मांजर यांची ओळखही नसते. त्याला सोडणे म्हणजे मारणेच झाले.

पोपट चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी. पाखरापासून रेबीज होत नाही, ती भीती नको. पण जखम खोल असेल, सूज चढली असेल तर डॉक्टरांना दाखवावे आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनचे विचारावे.

आता पाखराकडे पाहू. ते चावते तेव्हा बहुतेक वेळा आधी सांगून चावते, आपल्याला ते कळत नाही इतकेच. कॉकाटील तुरा मागे चापून बसवतो, फुसकारतो, चोच उघडतो, अंग मागे घेतो. एवढे होऊनही हात पुढे गेला की मग चोच चालते. पिंजरा हे त्याचे घर असते. त्यात एकदम हात घातला तर त्याला तो हल्लाच वाटतो. पिसे झडून नवी फुटत असतात तेव्हा अंगाला हात लावलेला दुखतो. विणीच्या दिवसांत स्वभाव तापट होतो. आणि आपल्या पट्ट्यातले आणखी एक कारण म्हणजे पाळी. दुसरी पाळी करून माणूस रात्री बारा-एकला घरी येतो, दिवा लागतो, टीव्ही लागतो. पाखराला मात्र दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते. झोपमोड झालेले पाखरू चिडके होते. इतके दिवस गरीब असलेला पोपट अचानक चावू लागला, खाणे कमी झाले, पिसे फुलवून बसून राहिला, तर तो आजारी असेल. अशा वेळी पाखरांच्या डॉक्टरकडे न्यावे.

विश्वास परत कसा मिळवायचा, हे आपल्या शेतकऱ्याला वेगळे शिकवायला नको. गोऱ्ह्याच्या मानेवर पहिल्या दिवशी जू ठेवून कोणी चाबूक ओढत नाही. आधी अंगावरून हात, मग वैरण, मग नुसते जू. पाखराचेही तसेच आहे.

चावल्यावर ओरडू नये, मारू नये, हात झटकू नये. मुकाट्याने त्याला दांडीवर ठेवावे. पुढचे चार-पाच दिवस हात लावायचाच नाही. दाणा-पाणी ठरल्या वेळी द्यावे, पिंजऱ्याजवळ बसून आपले काम करावे, हलक्या आवाजात बोलावे. पाखरू दूर सरकले नाही, आपल्यासमोर खाऊ लागले, की राळ्याचे कणीस लांब टोकाला धरून गजांतून द्यावे. रोज थोडे थोडे करून बोटे जवळ आणावीत. मागे सरकले तर आपणही मागे. पुढे दार उघडे ठेवावे आणि त्याने आपणहून बाहेर यावे. आधी काठीवर चढवावे, हातावर नंतर. दिवसातून दोनदा पाच-दहा मिनिटे पुरेत, आणि ते कंटाळायच्या आत थांबावे. लहान मुलाची पाळी सगळ्यात शेवटी, मोठे माणूस शेजारी असताना. तोंडाजवळ आणि खांद्यावर तर इतक्यात नकोच. याला कधी आठवडा लागेल, कधी तीन-चार महिने. मध्येच पुन्हा चोच बसली तर एक पायरी मागे यावे, रागावू नये.

कॉकाटील नीट सांभाळला तर पंधरा वर्षे आणि त्याहून जास्तही जगतो. नातू पहिलीत असताना आणलेले पाखरू तो कॉलेजात जाईपर्यंत घरात असते. म्हणून आणण्याआधी दहादा विचार करावा, आणि आणल्यावर एका चाव्यापायी टाकू नये. नातवाला या निमित्ताने एक गोष्ट नक्की शिकवता येईल. समोरचा जीव नको म्हणतो तेव्हा हात मागे घ्यायचा. मग तो जीव चिमूटभर असो की दावणीचा बैल असो.