सूज उतरली, म्हणजे हृदय सावरलं का?

छातीत कळ उठली की पारोळा तालुक्यातल्या माणसापुढे महामार्गाच्या दोन दिशा असतात. पश्चिमेला धुळं साधारण 35 किलोमीटर, पूर्वेला एरंडोलमार्गे जळगाव पंचावन्न-साठ. अँजिओप्लास्टी करायची तर या दोन्हींपैकी एक शहर गाठावंच लागतं. पण त्याआधीचा वेळ घरात जातो. ‘गॅस शे’ म्हणून सोडा पिण्यात जातो, गाडी शोधण्यात जातो, मोठा मुलगा शेतातून येईपर्यंत थांबण्यात जातो. देशभरातल्या वीस हजारांहून अधिक हृदयरुग्णांचा ‘क्रिएट’ हा अभ्यास 2008 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यात त्रास सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ 360 मिनिटं निघाला, म्हणजे सहा तास. या सहा तासांचा हिशेब पुढे दोन दिवसांनी रक्तात दिसतो.

तो दाखवणारी तपासणी आपल्याकडे कोविडमुळे घरोघरी माहीत झाली. ‘सीआरपी वाढलाय’ हे वाक्य 2020-21 मध्ये कुणी ऐकलं नसेल? हे प्रथिन मात्र बरंच जुनं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते 1930 साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडलं. शरीरात कुठेही पेशी मेल्या किंवा जंतू शिरले की इंटरल्यूकिन-6 नावाचा निरोप यकृताकडे जातो आणि यकृत सीआरपी तयार करू लागतं.

हृदयाची रक्तवाहिनी बंद पडते, तेव्हा तिच्या पुढचा स्नायू मरू लागतो. काही तासांत तिथे न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी धावून येतात, त्यांच्यामागून मोनोसाइट येतात आणि मेलेला भाग खाऊन साफ करतात. पडलेल्या भिंतीचा राडारोडा उचलल्याशिवाय नवी भिंत चढत नाही, तसंच हे. साधारण पहिला आठवडा संपत येतो तसं व्रण भरण्याचं काम जोर धरतं आणि तो व्रण पक्का व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. मधले काही दिवस हृदयाची भिंत सर्वांत कमकुवत असते. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून लगेच कामाला लागणाऱ्या माणसाला डॉक्टर थांबवतात, ते यासाठी.

पेशींची ही धावपळ म्हणजेच सूज, आणि ती शत्रूही आहे आणि कारागीरही. वैद्यकशास्त्राला हे सहज उमगलं नाही. सूज वाईट, मग ती दाबून टाका, या विचाराने 1970च्या दशकात झटक्यानंतर स्टिरॉइड देऊन पाहिलं गेलं. मिथाइलप्रेडनिसोलोनने रुग्णांचं भलं न होता नुकसान झाल्याचं 1976 साली छापून आलं. सफाईच थांबली, तर व्रण धरणार कसा?

म्हणून झटक्यानंतरचा सीआरपी वाचायचा तो घड्याळ समोर ठेवून. दुखणं सुरू झाल्यापासून साधारण दोन दिवसांनी तो शिखर गाठतो. त्या दिवशी आकडा मोठा असेल, तर बहुधा स्नायूचा मोठा भाग गेलेला असतो. म्हणजे घरी आणि रस्त्यात गेलेला वेळच त्यात उतरलेला असतो. अशा रुग्णाच्या इकोमध्ये ‘पंपिंग’ कमी निघण्याची शक्यता जास्त. तालुक्याच्या गावात सीआरपीची सोय नसली, तरी साध्या सीबीसीतही थोडं कळतं: न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचं गुणोत्तर जितकं जास्त, तितकी पुढची वाटचाल अवघड, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. घरच्यांनी एकक मात्र जरूर पाहावं. काही लॅब लिटरमागे देतात, काही डेसिलिटरमागे. दोन्हींत दहापटीचा फरक पडतो आणि घरात उगाच घबराट होते.

महिन्याभरानंतरचा आकडा वेगळं सांगतो. तोवर व्रणाची धामधूम ओसरलेली असते. तरीही दुसरं कोणतंही दुखणं नसताना सीआरपी लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या वर राहिला, तर रक्तवाहिन्यांत सूज धुमसत असल्याची ती खूण. इथे आपल्या मातीतलं संशोधन महत्त्वाचं ठरतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 1999 साली दाखवलं, की शहरी भारतीयांच्या रक्तात सूज वाढवणारे निरोपे खेड्यातल्यांपेक्षा बरेच जास्त असतात. वजन बेताचं, पण अंगात चरबी अधिक, ही आपली ठेवणही याज्ञिकांनीच जगापुढे मांडली. पारोळ्यासारखं गाव आज दोन्हींच्या मध्ये उभं आहे. शेतातलं चालणं कमी झालं, मोटारसायकल दारात आली. सडपातळ दिसणाऱ्या माणसाने निर्धास्त राहू नये, असंच मला यावरून वाटतं.

ही धुमसणारी सूज औषधाने उतरवली तर? 2017 साली ‘कँटोस’ चाचणीने याचं पहिलं ठोस उत्तर दिलं. आधी झटका येऊन गेलेले आणि सीआरपी 2च्या वर असलेले 10,061 रुग्ण, दर तीन महिन्यांनी कॅनाकिनुमॅबचं इंजेक्शन. 150 मिलिग्रॅमच्या मात्रेने पुढचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून 15 टक्क्यांनी घटले. पण जीवघेणे संसर्ग वाढले, आणि औषध अतोनात महाग.

मग नजर गेली कोल्चिसिनकडे, गाउटवरच्या जुन्या, स्वस्त गोळीकडे. हे द्रव्य कळलावीत असतं. पावसाळ्यात कुंपणावर, झुडपांवर चढणारी, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची ही वेल महाराष्ट्राला अनोळखी नाही. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी 2019 साली 4,745 रुग्णांवरचे निष्कर्ष मांडले: झटक्यानंतर महिन्याच्या आत रोज अर्धा मिलिग्रॅम सुरू केल्यावर हृदयाच्या पुढच्या गंभीर घटना 7.1 टक्क्यांवरून 5.5 टक्क्यांवर आल्या. आशा वाढली. पण 2024 साली 7,062 रुग्णांच्या ‘क्लिअर’ चाचणीत सीआरपी उतरला आणि गंभीर घटना जवळपास तेवढ्याच राहिल्या. या क्षेत्रातला सर्वांत बोलका निकाल मला हाच वाटतो: आकडा खाली आणणं आणि हृदय वाचवणं ही एकच गोष्ट नाही.

आणि कळलावीचा कंद किंवा बी कुणीही, कुणाच्याही सांगण्यावरून पोटात घेऊ नये. तिच्या विषाने माणसं दगावली आहेत.

तितकंच कळकळीचं सांगणं वेदनाशामकांविषयी. कापूस वेचून पाठ धरते, गुडघे दुखतात, आणि मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणलं जातं. तेही सूज उतरवणारंच औषध, पण डेन्मार्कमधल्या 83,677 झटका आलेल्या रुग्णांच्या 2011 सालच्या अभ्यासात ते घेणाऱ्यांचा धोका पहिल्याच आठवड्यात वाढलेला दिसला. ॲस्पिरिन यात धरू नका. डॉक्टरांनी लिहून दिलेलं ॲस्पिरिन स्वतःहून बंद करायचं नसतं.

उपचाराच्या पैशांची सोय सरकारी योजनेत आहे. आज महात्मा फुले जनआरोग्य योजना म्हणून ओळखली जाणारी योजना 2012 साली सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत धुळं होतं, आणि अँजिओप्लास्टी तिच्यात बसते. 108ची रुग्णवाहिकाही 2014पासून आहे. तेव्हा छातीत, जबड्यात, पाठीत दुखणं किंवा दरदरून घाम पंधरा-वीस मिनिटं टिकला, तर सोडा पीत बसू नका. 108 लावा, जवळच्या दवाखान्यात आधी ईसीजी काढून घ्या, आणि दुखणं किती वाजता सुरू झालं ते कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या.